तानीच्या हातातलं बाळ

तानीच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक तारेचं कुंपण आहे. तिच्या कोंबड्यांनी ते कधीच मानलं नाही. कुंपणाच्या माझ्या बाजूला काटेरी माड आहे. डिसेंबर उजाडला की त्याला पोय, म्हणजे फुलोऱ्याची बंद शेंग, येते. ती उकलायच्या आत कापून तानीकडे पोचवायची, हे माझं काम. पोय घरातच उकलली पाहिजे. तो गोड, जड वास घरभर पसरला की आमच्याकडे नाताळ आला, मग कॅलेंडर काय म्हणायचं ते म्हणो. परमुलखात गेलेली आमची माणसं डिसेंबरात रडतात ती या वासासाठी. पोय दोन दिवसांत मलूल होते, ती कुठे नेता येत नाही.

तानीलाही कुठे जाता आलं नाही. हे रडगाणं तिचं नाही, माझं आहे. ती कधी रडली नाही, याचाच मला राग येतो.

गोष्ट सुरू होते तिच्या भावापासून. आन्सेल्मो चार वर्षांचा असताना तापाने फणफणला, डोळे फिरवले. तेव्हा त्यांच्या आईने, रुफीनाबाईने, नवस बोलला: पोरगा वाचला तर या घरात दर नाताळला बाळ येशूची गव्हाणी मांडीन, घराला कधी कुलूप लागू देणार नाही. पोरगा वाचला. वाढला, राजधानीत, आसुन्सिओनला जाऊन टायरचं दुकान टाकलं आणि चांगला गलेलठ्ठ झाला. नवस मात्र घरातच राहिला. गव्हाणीतलं मातीचं बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं की नवसही त्याच्याकडे गेला, हा नियम म्हातारीचाच. पण आमच्या गावात असले नियम पाद्रीबाबांच्या शब्दाहून पक्के.

पुढे म्हातारीची नजर गेली. त्या नाताळला बाळ हातात धरून ती चाचपडत उभी राहिली आणि म्हणाली, "कुणीतरी घ्या रे याला." आन्सेल्मो कलिंगड कापत होता. धाकटी पेर्पेतुआ आरशासमोर होती. तानी भट्टीपाशी होती. तिने ॲप्रनला हात पुसले आणि बाळ घेतलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

आता आन्सेल्मो आणि पेर्पेतुआ तेवीस तारखेला येतात आणि सव्वीसला काढता पाय घेतात. पेर्पेतुआ ब्यूनोस आयर्सला एका श्रीमंताघरी कामाला आहे. ती दर वर्षी पिशवीभर कापूस आणते आणि गव्हाणीवर बर्फ म्हणून पसरते. बाहेर आमचा भर उन्हाळा, चाळीस डिग्री. म्हशीसुद्धा डबक्यातून उठत नाहीत.

"अगं, तुमच्या ब्यूनोस आयर्सला तरी डिसेंबरात बर्फ पडतो का?" मी एकदा विचारलं.

"नाही पडत, पण मालकीणबाईंकडे असंच करतात."

"मग तो मालकीणबाईंच्या घरी ठेव. इथे त्याला मुंग्या लागतात."

तानी हसली, पण कापूस तिने काढला नाही. तो सहा जानेवारीनंतर तीच वेचून काढायची.

गेल्या नोव्हेंबरात बसच्या ड्रायव्हरने तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. आमची शाळेतली मैत्रीण दिओनी एन्कार्नासिओनला भरतकामाचा कारखाना चालवते. तिने लिहिलं होतं: सात जानेवारीला मोठं काम सुरू होतंय, तुझ्यासारखा टाका इथे कुणाचा नाही, ये. कारखान्याच्या वर खोली आहे, खिडकीतून नदी दिसते. सातला आली नाहीस तर दुसरी बाई घ्यावी लागेल, रागवू नकोस. सोबत किल्ली होती.

तानीने किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. कुंपणाशी येऊन तिने ती मला दाखवली.

"बेनी, या खोलीला आतून कडी आहे," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. बावीस वर्षं ही बाई आईच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपतेय. म्हातारीने कूस बदलली तरी हिला जाग येते. दार लावून बसणं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचा चेहरा मी कधी इतका उजळलेला पाहिला नाही.

चोवीस तारखेला गव्हाणी नेहमीसारखीच उभी राहिली. हिरव्या फांद्यांचा मांडव, त्याला टांगलेली खरबुजं, द्राक्षांचे घड, आणि चिपाच्या माळा. चीजच्या कणकेचे ते पक्षी नि मगरी भाजायला तानी दोन दिवस मातीच्या भट्टीपुढे वाकून होती. माझी पोय मधोमध, नुकती उकललेली. म्हातारी मध्यरात्रीपर्यंत जागत नाही, म्हणून त्यांच्याकडे बाळ दिवेलागणीच्या घंटेलाच ठेवतात. घंटा झाली. तानीने कपाटातून बाळ काढलं, गव्हाणीपाशी आली आणि तिथेच उभी राहिली.

"ठेव ना," पेर्पेतुआ म्हणाली. "उकाड्याने जीव चाललाय."

"यंदा मी ठेवणार नाही. माझ्या हातून कुणीतरी घ्या." तानीचा आवाज अगदी शांत होता. "आन्सेल्मो, नवस तुझ्यासाठी बोलला होता. तू घे."

आन्सेल्मोने रुमालाने मान पुसली. "अगं, दुकान कुणाच्या भरवशावर टाकू? आज ठेव तू, मग बघू आपण."

"बावीस वर्षं बघतोयस."

"हे बघ, सणासुदीला असं काही..."

"सणाशिवाय तू भेटतोस कधी?"

मग पेर्पेतुआने डोळ्याला पदर लावावा तसा हातातला पंखा लावला. "तानी, तुझ्याशिवाय इथला नाताळ म्हणजे काय गं? मी तिकडे वर्षभर याच्याच आशेवर दिवस काढते."

"तू आशेवर काढतेस. मी इथे काढते."

कुणी हललं नाही. उकाड्याने मेणबत्त्या कमरेत वाकल्या होत्या. तानी बाळ छातीशी धरत नव्हती, पुढेच धरून होती. आणि मी? मी दारात उभी राहून फरशीकडे बघत होते. मला दोनच पावलं टाकायची होती. नवरा वारलेला, लेक परदेशी, माझ्या घरी माझी वाट बघणारं एक कुत्रं. पण एकदा ते बाळ हातात घेतलं की पुढली सगळी वर्षं त्या घराची, हे मला तानीकडे बघून चांगलं कळलं होतं. मी मूग गिळून बसले.

आतून म्हातारीने विचारलं, "ठेवलं का बाळाला?"

ती आंधळी असली तरी बहिरी नव्हती, सगळं ऐकलं होतं तिने.

"मग इकडे आणा," ती म्हणाली. "नवस माझा होता."

तानीने बाळ आत नेऊन आईच्या कुशीत दिलं. म्हातारीने ते डाव्या हातावर घेतलं, गालाला लावलं. झालं! सगळ्यांच्या जिवात जीव आला. आन्सेल्मोला एकदम कंठ फुटला: ईस्टरपर्यंत तो आईसाठी कायमची बाई शोधेल, पगार तोच देईल, फक्त तोवर कुणी सोबत राहिलं तर... आणि सगळे माझ्याकडे वळले.

"राहीन मी," मी म्हटलं. "ईस्टरपर्यंत. पण बाळाचं मला काही सांगू नका."

सगळे हसले. मीही हसले. मग आम्ही फळं घातलेली गार वाइन प्यालो, आणि तानीने दोनदा वाढून घेतलं.

सात तारखेला बस दहाची होती. गव्हाणी उतरवून झाली होती, पोय कधीच वाळून केरात गेली होती, खिळ्यांना थोडा कापूस तेवढा चिकटून होता. तानीने नवा निळा झगा घातला होता. तिची बॅग मी उचलली. दोघी आत गेलो, निरोप घ्यायला.

"जा बाळा," म्हातारी म्हणाली. मनापासून म्हणाली, उगाच खोटं कशाला बोलू? "दिओनीला आशीर्वाद सांग. आणि नदीकाठी फार उशिरापर्यंत बसू नकोस."

तानीने वाकून तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. म्हातारी दोन आठवडे ते बाळ हातावर घेऊन होती, झोपतानासुद्धा. तिने कूस बदलली आणि कण्हली.

"जरा धरा गं कुणीतरी. हाताला मुंग्या आल्यात."

तिने बाळ पुढे केलं, आम्हा दोघींच्या मध्ये. तिला दिसत थोडंच होतं! मी जवळ होते, तानीपेक्षा एक पाऊल जवळ. बाळ म्हातारीच्या बोटांतून घसरायला लागलं होतं. माझ्या दोन्ही हातांत बॅग होती. ती खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो? मी बॅगेची मूठ आणखी घट्ट आवळली.

तानीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीकडे पाहिलं. मग तिने हात झग्याला पुसले आणि बाळ घेतलं.

म्हातारी हात चोळत म्हणाली, "देव तुझं भलं करो, कोण आहेस ती."

रस्त्यावर बसने हॉर्न दिला. थोडं थांबून पुन्हा दिला. मग बस निघून गेली, आणि आत धुळीचा वास आला.

"बेनी, बॅग ठेव आता खाली," तानी म्हणाली. "हात दुखतील तुझे."