विसालनं जपून ठेवलेले फोटो

जॉर्डनमधल्या इरबिदच्या बायका बिघडलेला फोन पुरुषाच्या दुकानात देत नाहीत. काच फुटू दे, पाण्यात पडू दे, महिनाभर बंद राहू दे, पण देणार नाहीत. का देतील? आत डोक्यावरचा रुमाल काढून काढलेले फोटो असतात, मेंदीच्या रात्रीचे नाच असतात, नवऱ्याला पाठवलेलं नको नको ते असतं. म्हणून तर विसालचं दुकान चाललं. बाजारामागच्या गल्लीत, दाराला जाड पडदा, आत मरमियाचा सुगंधी पाला घातलेला चहा. बायका यायच्या, पासवर्डची चिठ्ठी फोनच्या पाठीवर चिकटवायच्या आणि खुशाल भाजी आणायला जायच्या. आठ वर्षं हेच चाललं होतं.

विसाल चाळिशीची, एकटी, जिभेला हाड नसलेली. "मावशी, फोन आहे की पिठाचा डबा? कणीक मळताना बोलतेस ना?" असं तोंडावर विचारायची. पण हातात कला होती. आणि एक सवय. फोन उघडण्याआधी त्यातलं फोटोंपासून नंबरांपर्यंत सगळं ती आपल्या डिस्कवर उतरवून घ्यायची; फोन दगावलाच तर निदान फोटो वाचतील. काम झाल्यावर मात्र ते पुसायची नाही. एका म्हातारीचा तरणाताठा मुलगा गेला, वर फोनही हरवला, तेव्हा विसालनं डिस्कमधून त्याचे फोटो काढून दिले होते. म्हातारी तिचे हात धरून ढसाढसा रडली. त्या दिवसापासून पुसायचा विषयच संपला.

त्या बुधवारी पडदा फाटेल एवढ्या जोरात बाजूला झाला. तग्रीद आणि तिची आई उम्म लैस. तग्रीदच्या निकाहाच्या कागदावर सह्या झालेल्या, पाठवणीला तीन आठवडे राहिलेले. आणि आदल्या दिवशी कुणीतरी तिच्या सासऱ्याच्या फोनवर तिचा फोटो पाठवला होता. बिनबाह्यांचा लाल झगा, केस मोकळे.

"तुझ्याखेरीज कुणाच्या हातात गेलाय हा फोन? बोल!" उम्म लैस कडाडली.

"कुराणावर हात ठेवून सांगते, उम्म लैस! माझ्याकडून एक फोटो बाहेर गेला असेल तर हे हात झडून जातील."

तग्रीद हळूच म्हणाली, "तो फोटो फोनमध्ये नाहीच आता. रमजानआधी तुझ्याकडून बॅटरी बदलून नेली ना, त्याच संध्याकाळी मी पुसला. कुणाला पाठवलाही नव्हता."

विसाल आठवू लागली. फोनमध्ये नाही, मग उरला कुठं? डिस्कवर. आणि डिस्क... या अल्लाह! रमजानमध्ये डिस्क टकटक वाजायला लागली, तेव्हा ती विद्यापीठ रस्त्यावरच्या एका माणसाकडे दुरुस्तीला टाकली होती. पुरुषाच्या दुकानात! चार दिवस! सगळं शाबूत मिळालं म्हणून ईदला त्याला खजूर भरलेले मामूल नेऊन दिले होते, स्वतःच्या हातचे. ज्या उंबऱ्यात एक बाई आपला एक फोन नेत नाही, तिथं हिनं चारशे बायकांचं घरदार नेऊन ठेवलं. बाई गं, अक्कल काय चरायला गेली होती?

गप्प बसता आलं असतं. डिस्कचं कुणाला ठाऊक होतं? पण मुलीनंच कुणा परक्याला फोटो पाठवला असेल, असं सासरा म्हणत होता आणि शनिवारी नातं मोडायला येणार होता. विसालनं सगळं सांगून टाकलं.

उम्म लैसनं विचारलं, "अगं, पण तुला ठेवायला सांगितलं कुणी?"

"तुमच्यासाठीच ठेवलं गं..."

"आमच्यासाठी? आम्ही काय मेलो होतो?"

दुसऱ्या दिवशी तिघी पोलिसांच्या संगणक गुन्ह्यांच्या कचेरीत गेल्या. टेबलामागच्या पोलीसबाईनं शांतपणे सगळं लिहून घेतलं. त्या माणसाला आजच उचलू म्हणाली, मुलीचा दोष नाही असं सासऱ्याला कचेरीतून कळवू म्हणाली. उम्म लैसच्या जिवात जीव आला.

"आता डिस्क द्या," पोलीसबाई म्हणाली. "तो पुरावा आहे. एकही फोटो पुसायचा नाही. आमचे तज्ज्ञ सगळं उघडून बघतील."

"तज्ज्ञ बाई आहेत ना?" विसालनं विचारलं.

"दोघेही पुरुष आहेत."

विसालनं पिशवी पोटाशी आवळली. "सगळ्यांचं बघणार? नाही, नाही. दोन दिवस द्या मला. एकेकीला फोन करते, विचारते. त्यांना न विचारता कसं देऊ?"

पोलीसबाईचं पेन थांबलं. "आत्ता विचारणार?" तिनं दुसरा कोरा कागद पुढ्यात ओढला. "ठेवून घेताना कितीजणींना विचारलं होतं, तेही सांगा. ते तुमच्यावरचं वेगळं प्रकरण होईल."

विसालनं तग्रीदकडे पाहिलं. ही तरी काही बोलेल, आपल्या बाजूनं एक शब्द टाकेल.

"मला तेव्हा विचारलं असतंस ना, विसालताई," तग्रीद म्हणाली, "तर मी नको म्हटलं असतं."

विसालनं डिस्क काढून टेबलावर ठेवली.