गाडीच्या काचेची आतली बाजू

लग्नाआधी मी अकरा दिवस एका बंद गाडीत बसून काढले. गाडी चालू नव्हती. मी आत बसून काचा पुसत होतो.

काच पुसण्यात काय आहे, असं म्हणणाऱ्यांनी आयुष्यात फक्त बाहेरची बाजू पुसलेली असते. बाहेरचं काय, बादलीभर पाणी मारलं की झालं. आतली बाजू हे वेगळंच प्रकरण! तिथे पाणी मारता येत नाही. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोटं पोचतात, पण जोर पोचत नाही. मान वाकडी, कोपर हॉर्नवर (पहिल्या दिवशी अख्खा ब्लॉक गॅलरीत आला होता!), आणि एवढं करून काच चकाचक झाली म्हणून आपण खूश व्हावं, तर संध्याकाळचं तिरपं ऊन पडतं आणि सगळ्या रेघोट्या एकदम उठून दिसतात.

ही नव्वद सालाच्या आगेमागची गोष्ट. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दीड खोलीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले आणि घरात कुणालाही न विचारता त्यांनी गोपी सेठची जुनी गाडी घेतली. गोपी सेठचं आमच्या ब्लॉकखाली काच-आरशांचं दुकान होतं. गाडी दारात भर उन्हात उभी राहिली. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागचं दार उघडून आत डोकावली आणि म्हणाली, "चला, एक खोली वाढली!"

आम्ही हसलो. तिथेच चुकलो.

आता मुद्द्याचं. बदलापूरला शिरगावात आम्ही एक मुलगी बघून आलो होतो. सुनंदा तिचं नाव, शाळेत शिकवायची. आई नव्हती, आत्याने वाढवलेलं. त्या दिवशी मी चहाच्या कपाकडे बघत बसलो होतो (माझ्यात हिंमत तेवढीच), तेव्हा तिनेच विचारलं, "गाडी तुम्ही चालवता?"

"हो," मी म्हणालो. त्या वेळी ते बऱ्यापैकी खरंही होतं.

"मला खिडकीतून बाहेर बघत बसायला फार आवडतं," ती म्हणाली. "पण एसटीत मला नेहमी मधलीच सीट मिळते."

बस्स! माझं काम झालं. आत्याबाई म्हणाल्या, "पोरीचं म्हणणं आहे, एकदा नीट बोलणं होऊ द्या, मग हो की नाही ते सांगते." अकरा दिवसांनंतरचा रविवार ठरला. बारवी धरणापर्यंत जाऊन यायचं, दोन्हीकडची एकेक बाई सोबत. म्हणजे माझ्या आयुष्याचा निकाल त्या गाडीत लागणार होता, आणि तिला बसायला मी देणार होतो मागची डावी खिडकी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की ती खिडकी दिसायची. खिडकीत ती, बाहेर उल्हास नदी, पलीकडे डोंगर, आणि मध्ये काच इतकी नितळ की नसल्यासारखी. मी आरशातून बघतोय, ती बाहेर बघतेय, कुणीच काही बोलत नाही. एवढंच स्वप्न. पण त्यातल्या काचेवर एकही रेघ नव्हती, हे मी शपथेवर सांगतो!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तो थेट गाडीत शिरलो. जुना बनियन ओला करून काच पुसली. ऊन पडलं, रेघोट्या! अण्णा म्हणाले, "लिंबू मार." लिंबू मारलं. रेघोट्या तशाच राहिल्या, वर मुंग्या आल्या. शेवटी गोपी सेठ दुकानातून उठून आला.

"अडे साईं, काच को नहला रहे हो क्या? अखबार लो! थोडासा पानी, फिर सूखा अखबार. और सुनो, अंदर आडा हात, बाहर खडा हात."

"क्यों?"

"लकीर आडी दिखी, तो अंदर की. खडी दिखी, तो बाहर की. ढूँढना नहीं पडता!"

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. एवढं ज्ञान आमच्या घराखाली राहत होतं आणि आम्ही त्याच्याशी फक्त पाण्याच्या टाकीवरून भांडत होतो.

अखबाराने जादू केली. चौथ्या दिवशी अंधार पडायच्या आत सगळ्या काचा लख्ख झाल्या. मी मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी, अर्धा तास नुसता बसून राहिलो. आकाश आधी केशरी झालं, मग जांभळं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे काढत होतं, तेसुद्धा मला सुंदर वाटलं. आईने वरून हाका मारल्या. मी ऐकल्या, पण त्या लांबून, नदीपलीकडून आल्यासारख्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी येऊन बघतो, तर काच पुन्हा धुरकट! बोट फिरवलं तर बोट चिकट. आणि सगळी आतून! पुन्हा पुसली. सहाव्या दिवशी पुन्हा तेच.

"सीटच्या रेक्झिनला घाम येतो," अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

गोपी सेठने विचार केला. "तुम्हारे मराठी अखबार की स्याही तेल छोडती होगी," तो म्हणाला आणि उर्दूसारख्या लिपीतल्या सिंधी पेपरांचा गठ्ठा आणून दिला. मी तेही केलं. (काही वेळाने लक्षात आलं की मी उजवीकडून डावीकडे पुसतोय.) सातव्या दिवशी काच पुन्हा धुरकट.

मग मला वेगळीच शंका आली. मी गाडीत बसून सुस्कारे फार टाकत होतो. माझेच सुस्कारे काचेवर बसत नसतील? आठव्या दिवसापासून मी श्वास रोखून पुसायला लागलो. एक खिडकी, बाहेर तोंड काढून श्वास, दुसरी खिडकी, पुन्हा श्वास. गाडीत हल्ली हिंगाचा वास येत होता. प्रेमात पडलं की माणसाला कसकसले वास येतात, असं मी समजून घेतलं. सीटच्या फटीत कुरडईचा तुकडा सापडला, तोही मी उंदराच्या नावावर टाकला. एवढा शिकलेला माणूस!

रविवारी पहाटे उठलो. शेवटचा हात मारला, अंदर आडा, बाहर खडा. सूर्य उगवला, काचेतून आरपार गेला आणि वाटेत त्याला काहीही लागलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (दिवसभराच्या मानाने ते काहीच नव्हतं.)

शिरगावला पोचलो. आईने आणि आत्याबाईंनी एकमेकींना जयभीम केला. आई माझ्या शेजारी बसली. मागे डाव्या खिडकीशी सुनंदा आली. मग आत्याबाई बसल्या. त्या भारदस्त बाई. त्या बसल्या आणि सीटमधून आवाज आला, "कट्! कट् कट् कट्!"

"अगं बाई! काय मोडलं?" आत्याबाई दचकून उठल्या, तशा पुन्हा बसल्या. पुन्हा "कट्!"

"स्प्रिंग असेल, जुनी गाडी आहे," मी म्हणालो आणि गाडी काढली. सगळ्या काचा मी घट्ट लावून घेतल्या होत्या. रस्त्याची धूळ आत आली असती ना!

बदलापूर गावात शिरायच्या आधी रेल्वेचं फाटक लागलं. बंद! समोर सायकली, टांगे, दुधाच्या किटल्या, माणसांची ही गर्दी. गाडी थांबली आणि पहिली शिंक आली. आत्याबाईंची. मग आईची. मग माझ्या नाकात कुणीतरी काडी पेटवली. घसा जळायला लागला, डोळे भरून आले. आरशात बघितलं तर सुनंदाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अहो, काच उघडा ना!" ती म्हणाली.

"नको नको! बोटं उमटतील!"

हे माझ्या तोंडून निघालेलं वाक्य आहे. मला आजही ऐकू येतं.

"मिलिंदा," आई शिंकत म्हणाली, "मिरच्या... आऽऽक्छी! मिरच्यांची पूड राहिली असेल रे सीटवरच्या चादरीत!"

"कसल्या मिरच्या?"

"मसाल्याच्या! काल संध्याकाळीच काढल्या. त्याआधी कुरडया, त्याआधी उडदाचे पापड. बंद गाडीत काय छान वाळतं म्हणून सांगू! कावळा नाही, धूळ नाही. ब्लॉकमधल्या सगळ्या बायकांनी आणून ठेवलं."

"माझ्या गाडीत? रोज?"

"तू ऑफिसला गेलास की ठेवायचे आणि पाचला काढायचे. मला वाटलं, तुला माहितीये!"

अकरा दिवस! कुरडयांची वाफ, पापडांचं तेल आणि हिंग, सगळं काचेवर बसत होतं, आणि मी श्वास रोखत होतो!

"मग हे खाली काय मोडतंय?" आत्याबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"वाकडे झालेले पापड हो! सरळ व्हावेत म्हणून चादरीखाली दाबून ठेवले होते. विसरलेच की मी!"

आणि आता ऐका. काचा इतक्या स्वच्छ होत्या की फाटकावरच्या अख्ख्या गर्दीला आम्ही नीट दिसत होतो. चार माणसं, बंद गाडी, चौघेही धाय मोकलून रडतायत. लोक सायकली वळवून बघायला लागले.

"कोन वारला रं?" एक दूधवाला दुसऱ्याला म्हणाला.

"घरचाच कोन तरी आसंल. त्या बाईचा हाल बग." त्याने टोपी काढली. त्याचं बघून शेजारच्यानेही काढली. फाटक उघडल्यावर सगळ्यांनी गंभीरपणे बाजूला होऊन आम्हाला पुढे जाऊ दिलं. मी रडत, एका हाताने गाडी चालवत होतो आणि दुसऱ्या हाताने (खोटं कशाला बोलू?) पुढची काच पुसत होतो.

तेवढ्यात मागे घर्र घर्र आवाज झाला. सुनंदाने हँडल फिरवून माझी ती काच, मागची डावी काच, पार खाली केली होती. वारा आत आला. नदी आली, तिचा गार वास आला. सुनंदाने कोपर खिडकीवर टेकवलं, ओले डोळे मिटले आणि हसली. अगदी माझ्या स्वप्नातल्यासारखी. काच तेवढी नव्हती.

"मला खिडकी हवी होती हो," ती म्हणाली. "काच कुठे मागितली होती?"

मला रडू फुटलं, पण त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात यायची सोय नव्हती. सगळं संपलं, असं मी मनाशी पक्कं केलं. धरणावर पोचल्यावर आम्ही दोघं नीट बोलणार होतो. बोललो कसले, दोघंही खळखळून तोंड धूत होतो. तिकडे आई आणि आत्याबाई झाडाखाली बसून मोडके पापड मोजत होत्या. "मिरच्या किती दिवसांत वाळल्या?" आत्याबाई विचारत होत्या. आई बोटांवर सांगत होती.

बुधवारी आत्याबाईंचा निरोप आला. मुलगी हो म्हणतेय!

मी आठ दिवस तरंगत होतो. माझ्यात नक्की काय आवडलं असेल? चेहरा? स्वभाव? गाडी चालवायची पद्धत? लग्नानंतर महिनाभराने धीर करून सुनंदाला विचारलंच.

"फाटकात सगळे नुसते रडत होतो," ती म्हणाली. "तुम्ही एकटेच रडता रडता पुसत होतात. म्हटलं, असा नवरा हातचा घालवू नये!"

तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक काच, आरसा, कपाटाचं दार आणि टीव्ही मी पुसतो. गाडी मात्र सुनंदा चालवते, खिडकीची काच पार खाली करून. माझ्या हातात ती स्टिअरिंग देत नाही. म्हणते, तुमचं लक्ष रस्त्यावर नसतं, काचेवर असतं.