चर्चाबाई कुठं बसतात?

आमच्या ऑफिसात फाइल हरवली की सापडत नाही, पण तिचा किस्सा मात्र कायम राहतो. दीड वर्षात माझ्याकडे इतके साठलेत की मैत्रिणी चहाला बोलावतानाच बजावतात, "आज हसवणारे सांग." मी सुरुवात हसवणाऱ्यांनीच करते.

बी.कॉम. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. वडील चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कुणाची तरी ओळख काढून त्यांनी मला एजन्सीमार्फत चिकटवलं: सरकारी ऑफिस, वित्त विभाग, लेखाधिकारी साहेबांची स्वीय सहायक, कंत्राटी. ऑफिसचं नाव सांगत नाही, करार अजून चालू आहे.

पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "टॅली येतं?"

"येतं."

"ते इथे लागत नाही. मला भेटायला कोणी आलं तर काय सांगशील?"

"साहेब आत आहेत."

साहेबांनी हेडक्लार्क भोईरकाकांकडे पाहिलं. "हिला शिकवा."

* * *

साहेबांकडे दोन तालुक्यांचा कार्यभार. शहापूरला कोणी आलं की मी म्हणायचं, "साहेब मुरबाडला गेलेत." मुरबाडला माझ्यासारखीच एक मुलगी आहे, ती म्हणते, "साहेब शहापूरला असतात." आम्ही दोघी कधी भेटलो नाही, पण इतकं जुळवून खोटं बोलतो की सख्ख्या बहिणी वाटू.

शिवरात्रीच्या सुमाराला बुधाजीबाबा पहिल्यांदा आले. खर्डीच्या आत जंगलात त्यांचा पाडा. पाडा आणि रस्ता यांच्या मध्ये ओहोळ. त्यावर साकव पाहिजे, म्हणजे माणसं चालून पलीकडे जातील एवढा छोटा पूल. कागद सगळे तयार होते, फक्त "निधी आहे" अशा शेऱ्याखाली आमच्या साहेबांची सही राहिली होती.

"सुनेला दिवस गेलेत गो," बाबा म्हणाले. "श्रावनात भरतील. तवा व्हाळाला पानी असतंय. त्याच्या आदी झाला पायजे."

मी म्हटलं, "साहेब मुरबाडला गेलेत."

साहेब आत पेरू खात होते.

बाबा पुढच्या मंगळवारी आले. म्हणाले, "त्या दिशी मुरबाडला जाऊन आलो. साहेब नाय भेटलं. पन मुरबाड पायलं."

एवढ्या लांब कोणी खरंच जाईल, असं मला कोणी शिकवलं नव्हतं.

* * *

शेवटी फाइल साहेबांच्या टेबलावर पोचली. साहेबांना निर्णय घ्यायचा नसला की ते समासात लिहितात, "चर्चा करावी." कोणी, कुणाशी, कधी, ते लिहीत नाहीत. असा शेरा पडला की फाइल कपाटावर जाते आणि तिच्यावर पाल राहायला येते.

मी बाबांना सांगितलं, "साहेबांनी चर्चा म्हणून लिहिलंय."

बाबांनी टोपी नीट केली. "या चर्चाबाई कुठं बसतात? मी भेटून येतो."

ऑफिस अर्धा तास हसत होतं. भोईरकाकांनी तर त्यांना जिना दाखवला. "वरच्या मजल्यावर, डावीकडे." बाबा वर गेले. वर गच्ची आहे.

खाली आल्यावर मला म्हणाले, "जेवाय गेल्या असतील." आणि दोन वाजेपर्यंत बाकावर बसून राहिले.

भोईरकाका हा किस्सा अजून प्रत्येक निरोप समारंभात सांगतात. लोक टाळ्या देतात. काकांना पुढच्या वर्षी पेन्शन लागेल. त्यांच्या निरोपाला हा किस्सा मी सांगणार आहे, गच्चीसकट.

* * *

मार्च एंडला आमच्याकडे अंगात आल्यासारखं होतं. राहिलेला निधी संपवायचा असतो, नाहीतर परत जातो. त्या वर्षी साहेबांनी प्रलंबित फाइली ठेवायला तीन लोखंडी कपाटं घेतली. कपाटं दारातून आत जाईनात. दार मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती व्हरांड्यातच उभी राहिली.

एप्रिलमध्ये बाबा त्यांच्या सावलीत उभे होते. त्यांनी एका कपाटावर टकटक केली, मान वर करून उंची बघितली.

"गो पोरी, ही तिन्ही आडवी टाकली तर आमचा व्हाळ पार व्हईल."

मी आत जाऊन साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "विनोदी माणूस आहे."

* * *

हा पुढचा किस्सा मी ऑफिसात सांगत नाही.

साहेब सही करताना वाचत नाहीत. जिथे मी पिवळी चिठ्ठी चिकटवते तिथे सही करतात. मे महिन्यात मी ठरवलं, बास. रजेच्या अर्जांच्या गठ्ठ्यात साकवाची फाइल घुसवली. फोनवर बोलता बोलता साहेबांनी सगळ्यावर सह्या ठोकल्या. मी फाइल स्वतःच्या हाताने जिल्ह्याला पाठवली आणि बाबांना म्हटलं, "झालं तुमचं काम." त्यांनी पिशवीतून करवंदांचा द्रोण काढून माझ्या टेबलावर ठेवला.

जूनमध्ये फाइल परत आली. "मूळ प्रस्तावावर सही नाही." फाइलमध्ये मूळ कागद होता आणि त्याच्याच मागे त्याची झेरॉक्स. घाईघाईत मी चिठ्ठी झेरॉक्सवर लावली होती.

बाहेर पाऊस लागला होता. भोईरकाका म्हणाले, "होतं असं. मनाला लावून घेऊ नको. मी तीस वर्षं काढली इथे."

त्या वाक्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी नापास होण्याचीही कधी वाटली नव्हती.

साहेबांपुढे मूळ कागद धरून सही घेतली, फाइल पुन्हा पाठवली. पण पावसात साकव बांधत नाहीत, हे मलाही माहीत होतं आणि बाबांनाही.

* * *

श्रावणात बाबा एका मंगळवारी आले नाहीत. मग दुसऱ्याही. काका म्हणाले, "सुटलीस."

तिसऱ्या आठवड्यात जिल्ह्याचं पत्र आलं. मंजुरीआधी एक माहिती हवी होती: "प्रस्तावात नमूद केलेल्या पाड्याच्या लोकसंख्येत बदल झाला आहे किंवा कसे, याबाबत कळवावे."

साहेब म्हणाले, "त्या विनोदी माणसाला फोन लाव. आजच उत्तर जाऊ दे."

मी फोन लावला. बाबांनीच उचलला. मागे अगदी तान्हं पोर रडत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी विचारलंच, "बाबा, सून कशी आहे?"

पोर रडत राहिलं.

आतून साहेबांनी आवाज दिला, "काय म्हणतोय? बदल आहे का?"

मी पत्रातलंच वाचलं, "बाबा, पाड्यातली माणसं प्रस्तावात लिहिलीत तेवढीच आहेत का, असं विचारलंय."

"तेवढीच हायेत गो," बाबा म्हणाले. "एक गेली, एक आली. आकडा तसाच ऱ्हाऊ दे."