श्रावणचा धुरा

श्रावण गेल्याची बातमी त्याच्या मुलीच्या फोनने आली. पॅसिफिक महासागरातल्या बेटावरून तिचा आवाज तुटत तुटत पोहोचत होता. मोहाडीला आमच्या शेतावर धानाची मळणी चालू होती. मी यंत्र बंद करायला सांगितले.

श्रावण माझा चुलतभाऊ. जहाजाच्या इंजिनावर कामाला लागला, त्या बेटावर उतरला आणि लग्न करून तिथलाच झाला. बेट इतके अरुंद, की एका किनाऱ्यावर उभे राहिले तरी दुसरीकडची लाट ऐकू येते, असे तो सांगे. तिथे माडांखाली खोल खड्डे खणून अळू लावतात. तळाशी गोडे पाणी लागते. समुद्र वर चढू लागला, तेव्हा श्रावणने धानकऱ्याची अक्कल चालवली. आपल्या धानाच्या बांधीला असतो तसा धुरा, मातीचा बांध, त्याने खड्ड्याभोवती घातला. त्याचे पाहून साऱ्या वस्तीने घातले...

गेल्या उन्हाळ्यात तो शेवटचा आला. त्याआधी मोठ्या भरतीचे पाणी त्याच्या धुऱ्यावरून आत पडले होते. समुद्र ओसरला, आतले खारे पाणी धुऱ्याने धरून ठेवले. अळू कुजले, शेजारची विहीर खारट झाली. इथेही तो रोज पहिली बादली चाखल्याशिवाय कोणाला पिऊ देत नसे. सूनबाई एकदा म्हणाली, "काकाजी, समुद्र का भंडाऱ्यात येऊन राहिला का?" तो हसला नाही.

मी त्याला थांबायला सांगितले. वाट्याची शेती होती, घर होते. "काहून मराले जातेस तिथं?"

"दादा, पानी धराले येते आपल्याले, सोडाले नाही येत," तो म्हणाला. "मोठी भरती येऊन राहिली. धुरे फोडाच लागते. बांधाले मीच शिकवलं."

तो बेटावर परत गेला. वस्तीतले धुरे त्याने आधी फोडून घेतले, स्वतःचा शेवटी. पाणी आले तेव्हा तो खड्ड्यात होता. अर्धा धुरा उभा होता... बाकीच्या विहिरी या खेपेला वाचल्या, असे मुलगी म्हणाली. पुढच्या खेपेचे मी विचारले नाही.

त्याचा पाणी चाखायचा पितळी गडवा आमच्या विहिरीच्या काठावर आहे. सकाळी पहिली बादली मी काढतो. सूनबाई रिकामी घागर कडेला ठेवून तो गडवा पुढे करते.

"मामाजी, पहिले चाखा."