जड पाण्याचा निबंध

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तो कॉलेजातल्या आमच्या रसायनशास्त्राच्या सरांमुळे. वडील गिरणीत बदली कामगार होते, काम मिळेल त्या दिवशीच पगार. घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून परीक्षेच्या दिवसांत सरांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे सोलापुरातल्या आमच्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लावलंही त्यांनीच. त्यांना उलटून बोलणं माझ्या रक्तातच नव्हतं.

सत्तरच्या दशकात एका वर्षी कॉलेजात विज्ञान परिषद भरायची होती. निबंध निवडणाऱ्या समितीचे प्रमुख सरच. मीही एक निबंध दिला होता: विहिरीच्या जड पाण्यात सुताला रंग नीट का बसत नाही. त्यात एक जागा मला खुपत होती. दोष पाण्यातल्या क्षारांचा, की रंगात घातलेल्या मिठाचा, हे माझ्या प्रयोगातून ठामपणे निघत नव्हतं. कुणीतरी जाणत्यानं ते तपासावं, एवढंच मला हवं होतं.

भीत भीत सरांना म्हटलं, "सर, उत्तरपत्रिकेवर नुसता नंबर असतो. तशी निबंधांवरचीही नावं झाकली तर?"

सर हसले. "अरे वेड्या, नाव झाकलं तर तुला ओळखायचं कसं?"

त्यांनी पुढचा निबंध उचलला. बार्शीच्या एका शिक्षिकेनं ज्वारीवरच्या काणी रोगावर तो लिहिला होता.

"बार्शीला कुठली आलीय प्रयोगशाळा? आणि बाईमाणूस शेतात जाऊन बघणार कधी?"

"सर, एकदा वाचून तरी..."

"तू तुझं बघ. तुझा घेतलाय."

तिचा बाजूला पडला, माझा घेतला गेला. सरांनी दोन्हींचं एक पानही उलटलं नव्हतं.

परिषदेला बार्शीच्या त्या बाई ऐकायला आल्या होत्या. सकाळी त्यांनी स्वतःहून माझी ओळख करून घेतली. मी निबंध वाचायला उभा राहिलो. मिठाच्या उल्लेखापाशी मी अडखळलो. वाचून झाल्याबरोबर बाईंनी हात वर केला. माझा जीव एकदम हलका झाला; कुणीतरी ते तपासणार होतं.

अध्यक्षस्थानी सर होते. ते कौतुकानं म्हणाले, "गिरणी कामगाराचं पोर आहे. प्रश्न विचारून घाबरवू नका त्याला. टाळ्या वाजवा!"

टाळ्या पडल्या. मान खाली घालून मी हात जोडले.

मग बाईंना दारात गाठलं. "काय विचारणार होता तुम्ही?"

"आता कशाला? झालं की तुमचं," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून स्टँडच्या दिशेनं निघाल्या.

मी मागे जाणार होतो. पण सर फोटोसाठी हाका मारत होते. त्यांच्या शेजारची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली होती.