काट्यावर हललेलं पाणी

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला तरी मी आधी दुधात बोट बुडवून बघायचो. त्यामुळे लातूर जिल्हा नवा झाल्यानंतरच्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा योग्य माणूस निवडला असंच मला वाटलं.

भरलेला टँकर मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, वजनकाट्यावरून जायचा. काट्याची केबल शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडलेली. काटेवाल्यानं बटण दाबलं की एकेक अक्षर रांगेनं येई आणि नोंदीची ओळ तयार होई: गाडी नंबर, वेळ, वजन. ओळीत काय यावं ते मीच ठरवून दिलं होतं. वजनामागून यंत्र आणखी एक अक्षर पाठवायचं, आकडा स्थिर झाला की नाही हे सांगणारं. तुरीच्या ट्रकांना ते कायम एकच यायचं. उगाच जागा खातं म्हणून मी ते काढून टाकलं.

देवणीकडच्या एका गावाला पाणी नेणाऱ्या ड्रायव्हरच्या नोंदी मात्र रोज वेगळ्या. कमी भरल्या की मी म्हणायचो, वाटेत पाणी विकतो. जास्त भरल्या की म्हणायचो, काल पकडला जाईल म्हणून भ्याला, आज टाकीत दगड टाकले. संशयाला औषध नसतं म्हणतात, ते खोटं नाही. मी साहेबांकडे कागद नेले आणि त्याला गाडीवरून उतरवलं.

"मी पाणी कशाला इकू साहेब?" तो मला म्हणाला. "माझी माय त्याच गावात ऱ्हाती. तिची घागर बी ह्याच टँकरवर भरती."

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हणालो.

त्याच्या जागी आलेल्याच्या नोंदीही तशाच नाचू लागल्या. दोघं मिळालेले असणार, म्हणून मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिलो. चाकं थांबली न थांबली तोच काटेवाल्यानं बटण दाबलं. धान्याच्या ट्रकांची त्याची सवय. इकडे टाकीत पाणी अजून मागेपुढे आदळत होतं आणि आकडा खाली-वर होत होता. बाकीचे ड्रायव्हर गाडी बंद करून निवांत बिडी पेटवायचे आणि मग काटेवाल्याला खूण करायचे, तोवर पाणी ठरलेलं असायचं. या गावाची खेप लांबची, म्हणून इथं घाई. मी काढलेलं अक्षर असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

ते अक्षर मी ओळीत परत घातलं, साहेबांपुढे चूक कबूल केली. ड्रायव्हर पुन्हा गाडीवर आला. पहिल्या खेपेला मी त्याच्यासोबत गेलो. गावात टँकर थांबला, पण पाणीचोराची गाडी म्हणून नळीला कुणी हात लावेना. एक म्हातारा टाकीवर चढला, आत काठी बुडवली, ओल कुठवर आली ते बघितलं, आणि मग म्हणाला, "हां, सोडा."

रांगेत ड्रायव्हरची आई घागर घेऊन उभी होती. तिनं मान वर केली नाही.