डोक्याखाली हात

“आधी डोक्याखाली हात,” असं म्हणत सर स्वतःच पुढे व्हायचे. डिसेक्शनच्या टेबलावरचा देह वळवताना त्याची मान लोंबलेली त्यांना खपत नसे. त्याला काय कळतंय, असं कुणी पुटपुटलं तर म्हणायचे, “तुला कळतंय ना? मग झालं.”

धुळ्यात ते आम्हाला ॲनाटॉमी शिकवत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून तास संपल्यावर ते मला सगळं पुन्हा मराठीत सांगत. एखादी धमनी पुस्तकातल्यासारखी नसली की आम्ही तिला चुकलेली म्हणायचो. सर म्हणत, “चुकली कशी? आईच्या पोटात ती कुठून निघाली होती, ते विचार.”

असे एखादे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील, स्वतःच्या दुखण्यातही धडा शोधणारे. निवृत्तीनंतर डोकं दुखतं म्हणून ते जळगावला आले. मी तिथे एका दवाखान्यात डॉक्टर होतो. एमआरआयमध्ये दुखण्याचं कारण सापडलं नाही, पण एक जास्तीची धमनी दिसली. गर्भात मेंदूच्या मागच्या भागाला पुढून रक्त नेणारी ही तात्पुरती वाट. मागची वाट तयार झाली की ही विरून जाते. सरांची विरली नव्हती.

“जन्मभर फळ्यावर काढली,” कानशिलावर बोट ठेवून ते हसले, “आणि होती इथे.” मग म्हणाले, “मी गेल्यावर मला टेबलावर ने. पोरांना दाखव. आबाला तेवढं तू समजाव.”

आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. सरांनी लग्न केलं नाही. त्यांचं जवळचं माणूस तेवढंच, आणि शेतात राबून त्यांना शिकवलं तेही आबांनीच.

मागच्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी मी आबांपुढे बसलो आणि सरांची इच्छा सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुमना सर व्हता,” ते अहिराणीत म्हणाले, “पन मना भाऊ शे.”

देहदानाचा विषय तिथेच संपला.

तिरडीवर ठेवायला चौघांनी सरांना उचललं. मान मागे कलली, तसे आबा आणि मी एकदमच पुढे झालो. त्यांच्या डोक्याखाली आमचे हात एकमेकांवर आले. माझ्या तळव्यापासून ती धमनी चार बोटं आत असेल. आबांनी हात काढला नाही, म्हणून मीही काढला नाही.